नांगरावरचा वेळ: पेण-रोह्याच्या खाड्यांत थांबलेल्या गलबतांचा इतिहास कसा शोधायचा?



पेटची तयारी करणारे विद्यार्थी एक प्रश्न फार वेळा विचारतात: "ज्या गोष्टीची कागदावर नोंदच नाही, त्यावर इतिहासाचं संशोधन होतं का?" होतं. पण त्यासाठी कागद जिथे गप्प बसतो तिथे दुसरा साक्षीदार शोधावा लागतो. आज एकच उदाहरण घेऊन हे समजून घेऊ. विषय अगदी साधा वाटेल: खाडीत नांगर टाकून उभं असलेलं शिडाचं गलबत, आणि त्यावरच्या माणसांचा दिवस.

मी मूळचा विज्ञानाचा विद्यार्थी, इतिहासाकडे नंतर वळलो. त्यामुळे या लेखात थोडं गणित येणार आहे. घाबरू नका, शाळेतला पाढा पुरेल.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा

रायगड जिल्ह्यात आपल्याला दोन नद्या हव्यात. पहिली अंबा. ती सह्याद्रीतून निघते, पाली, नागोठणे करत धरमतरच्या खाडीत येते आणि रेवसजवळ मुंबईच्या समुद्राला मिळते. याच खाडीला पेणकडून भोगावती येऊन मिळते. पेणचं जुनं बंदर म्हणजे अंतोरे, ते या भोगावतीवर. दुसरी नदी कुंडलिका. ती कोलाड, रोहा करत रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामध्ये समुद्राला मिळते. रोह्याच्या समोरच्या काठावर अष्टमी हे गाव आहे. म्हणून नगरपालिकेचं नाव 'रोहा अष्टमी'. पुढे लेखात अष्टमी ही तिथीही येणार आहे, तेव्हा गोंधळ करू नका.

आज पेणला जायचं म्हणजे महामार्ग किंवा रेल्वे. 1998 साली सुरू झालेली कोकण रेल्वे रोह्यापासूनच सुरू होते. पण त्याआधी शेकडो वर्षं या गावांचा मुंबईकडचा दरवाजा पाण्याच्या बाजूला होता. पेणच्या मिठागरांचं मीठ, खारेपाटातला भात, जंगलातलं जळाऊ लाकूड हे सगळं मचवे आणि पडाव यांतून जायचं. धरमतरपर्यंत आगबोटी येऊ लागल्या तेव्हा प्रवासी तिकडे वळले, पण जड आणि स्वस्त माल शिडांवरच राहिला. कुंडलिकेच्या मुखाशी असलेलं चौल तर त्याहून कितीतरी जुनं बंदर. रशियन व्यापारी अफनासी निकितिन 1469 मध्ये हिंदुस्थानात उतरला तो चौललाच.

कागद काय सांगतात?

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अकरावा खंड, कुलाबा आणि जंजिरा यांच्यावरचा, 1883 साली प्रसिद्ध झाला. आपला रायगड जिल्हा म्हणजे तेव्हाचा कुलाबा, नाव 1981 मध्ये बदललं. या खंडात खाड्या, बंदरं, आयात-निर्यात यांची माहिती आहे. त्याशिवाय मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार आहे, पुण्यातलं पेशवे दफ्तर आहे.

या कागदांची एक सवय लक्षात घ्या. गलबत बंदरात आलं की नोंद होते, कारण जकात घ्यायची असते. माल चढला की नोंद होते. मिठाच्या बाबतीत तर फारच कडक: 1890 च्या मीठ कायद्याखाली कर आणि परवाना यांच्याशिवाय मीठ आगराबाहेर काढता येत नव्हतं. गलबत बुडालं, लुटलं गेलं, खटला झाला, तरी नोंद होते. म्हणजे सरकारचं किंवा सावकाराचं काही देणंघेणं असलं की शाई खर्च होते.

आणि गलबत नुसतं उभं असलं तर? तेव्हा कुणालाच काही लिहायची गरज पडत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळ्यात आरमार छावणीला कुठं आणि कसं ठेवावं याच्याही सूचना आहेत. पण त्या सूचना राज्याच्या नजरेतून लिहिलेल्या. छावणीतल्या खलाशाने सकाळी काय खाल्लं, पाणी कुठून आणलं, हा त्या ग्रंथाचा विषयच नव्हता.

तुम्ही म्हणाल, नोंद नसेल तर तो वेळ थोडाच असेल, सोडून द्या. नेमकं इथंच गणित करायला हवं.

पाऊणकीचा पाढा

आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं. म्हणजे पाणी साधारण सहा तास चढतं आणि सहा तास उतरतं. अरुंद खाडीत, भरलेलं गलबत वल्ही आणि शीड यांच्या जोरावर उतरत्या पाण्याविरुद्ध वर नेणं जवळजवळ अशक्य. म्हणजे पेणला जाणाऱ्या गलबताला दिवसाच्या 24 तासांपैकी जास्तीत जास्त 12 तास उपयोगाचे. उरलेले 12 तास नांगर टाकून थांबायचं. हा हिशेब वारा धरण्याआधीचा आहे! एवढ्यावरूनच कळतं की खाडीच्या प्रवासात निम्मा वेळ तरी थांबण्याचा होता. आणि आपल्या कागदांत हा निम्मा वेळ गायब आहे.

आता भरती नेमकी किती वाजता, हे तांडेलाला कसं कळायचं? त्याच्याकडे छापील तक्ता नव्हता. कोकणात यासाठी एक हिशेब चालत आलाय: तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास. जुन्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत. पाऊणकी ज्याला येते त्याला भरतीची वेळ तोंडपाठ.

हा नियम कितपत अचूक? तपासून बघू. अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत 30 तिथ्या. तेवढ्या काळात भरतीची वेळ हळूहळू पुढे सरकत 24 तासांचा पूर्ण फेरा करते. 24 तास म्हणजे 1440 मिनिटं, भागिले 30, उत्तर 48 मिनिटं. म्हणजे दर तिथीला भरती सरासरी 48 मिनिटं उशिरा येते. नियम म्हणतो 45 मिनिटं. फरक फक्त 3 मिनिटांचा. पौर्णिमेपर्यंत हा फरक साचत 45 मिनिटं होतो: पाढा म्हणतो सव्वाअकरा, प्रत्यक्षात मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती बाराच्या आसपास. पण पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा प्रतिपदेपासून मोजायची, म्हणजे हिशेबही पुन्हा नव्याने सुरू. चूक साचत जाऊन हाताबाहेर जाण्याआधीच पुसली जाते. तोंडी ज्ञानात अशी दुरुस्तीची सोय आपोआप बसलेली असते, हे बघण्यासारखं आहे.

पडताळा घ्यायचा असेल तर मुंबई महापालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरत्यांची यादी प्रसिद्ध करते ती काढा. तारखांसमोर तिथ्या लिहा. त्या पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या आसपास गोळा झालेल्या दिसतील, आणि वेळा दुपारच्या अलीकडे-पलीकडे.

संशोधक म्हणून याचा फायदा काय? चंद्र 1883 मध्येही याच हिशेबाने चालत होता. तुम्हाला जुन्या कागदात 'अमुक तिथीला गलबत अंतोऱ्याला लागले' एवढं जरी सापडलं, तरी त्या दिवशी पाणी कधी चढत होतं हे तुम्ही आज काढू शकता. खाडीच्या मुखापेक्षा आत भरती थोडी उशिरा पोचते, तेवढी सूट धरायची.

वारा एकीकडे, पाणी दुसरीकडे

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, आठवतं? जमीन लवकर तापते, लवकर निवते. म्हणून कोरड्या हंगामात दुपारी समुद्रावरून जमिनीकडे खारा वारा येतो. उत्तररात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो. म्हणजे वाऱ्याचं घड्याळ 24 तासांचं आणि पाण्याचं 12 तास 25 मिनिटांचं. दोन्ही घड्याळं सारखी एकमेकांना चुकवत असतात.

आता एका भरलेल्या गलबताला खाडीतून वर जायचंय असं धरा. त्याला तीन गोष्टी हव्यात: चढतं पाणी, मागून वारा आणि तळाखाली पुरेशी खोली.

अष्टमीला काय होतं? भरती सहाला पूर्ण होते, म्हणजे दुपारी बारा ते संध्याकाळी सहा पाणी चढतं. त्याच वेळी खारा वारा मागून. झकास! पण अष्टमी म्हणजे भांगाची भरती, पाणी फार चढत नाही. खाडीच्या वरच्या, उथळ भागात जड गलबत टेकणार.

पौर्णिमेला काय होतं? उधाणाची भरती, भरपूर पाणी. पण ते चढतं सकाळी सहा ते बारा, आणि सकाळी वारा मतलई, म्हणजे समोरून. खारा वारा सुरू होईपर्यंत भरती संपत आलेली. संध्याकाळी सहानंतर पाणी पुन्हा चढतं, तर तोवर खारा वारा पडायला लागलेला.

थोडक्यात, वर जायला वारा अष्टमीचा चांगला आणि पाणी पौर्णिमेचं चांगलं. दोन्ही एकाच दिवशी नीट जुळत नाहीत. उलट बाहेर पडायला उधाणाची उत्तररात्र उत्तम: मध्यरात्रीनंतर पाणी उतरतंय, मतलई पाठीशी आहे, आणि पौर्णिमा असेल तर वर चांदणंही.

ज्याला वरपर्यंत जायला उधाणाचंच पाणी लागतं असं गलबत भांगाच्या दिवसांत खाडीत आलं, तर त्याने काय करायचं? भांग आणि उधाण यांत साधारण सात दिवसांचं अंतर. तेवढे दिवस नांगरावर काढायचे. मुंबई ते धरमतर हा अंतराने एका दिवसाचा प्रवास. त्याला आठवडा लागू शकतो तो या हिशेबामुळे.

मग तो दिवस कसा जात असेल?

इथे कादंबरी लिहायचा मोह होतो. तो टाळायचा आणि ज्या गरजा कुणालाच चुकत नाहीत त्यांच्यामागे जायचं. मी विद्यार्थ्यांना चार गरजा धरायला सांगतो: झोप, पाणी, आग आणि गलबताचं अंग.

झोप. पाण्याची दिशा बदलली की नांगरावरचं गलबत फिरतं आणि त्याचं तोंड उलट दिशेला होतं. हे दिवसातून चार वेळा. प्रत्येक वेळी नांगर सुटला का, दोर कुठं घासतोय का, शेजारच्या गलबताला आपलं लागतंय का, हे कुणीतरी बघायलाच हवं. म्हणजे सलग रात्रभर झोप ही चैन. खलाशाची रात्र सूर्याने ठरत नव्हती, पाण्याने ठरत होती, आणि रोज पाऊण तास पुढे सरकत होती.

पिण्याचं पाणी. खाडीत चहूकडे पाणी, पण खारं. काठाला खारेपाट, तिथल्या जमिनीतही मिठाचा अंश. पेणच्या खारेपाटातल्या गावांना आजही उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करावी लागते. मग गलबतावरच्या माणसांना गोडं पाणी आणायला डोंगराकडच्या विहिरीपर्यंत जावं लागणार. आणि तेही भरतीलाच, कारण ओहोटीला गलबत आणि काठ यांच्यामध्ये चिखलाचा पट्टा उघडा पडतो. त्यात पाय घातला तर गुडघाभर आत, डोक्यावर हंडा असेल तर विचारूच नका. म्हणजे तहानेचं वेळापत्रकही भरतीच्या हातात.

आग. लाकडी गलबतावर चूल म्हणजे धोका. म्हणून हिंदी महासागरातल्या शिडाच्या जहाजांवर लाकडी खोक्यात माती किंवा वाळू भरून त्यावर चूल मांडत. आता खाडीतली गंमत बघा: ओहोटीला उथळ जागी गलबत चिखलात बसतं आणि एका कुशीवर कलतं. कललेल्या चुलीवर भाताचं भांडं ठेवणार कसं? म्हणून गलबत टेकायच्या आत स्वयंपाक उरकायचा, नाहीतर पाणी परत चढेपर्यंत वाट बघायची. जेवणाची वेळही पंचांगात!

गलबताचं अंग. थांबलेलं गलबत म्हणजे रिकामी माणसं असं नाही. ओहोटीला तळ उघडा पडला की शिंपले-शेवाळ खरवडायचं, फटींत कापूस ठोकायचा, तेल लावायचं. फाटलेलं शीड शिवायचं. तळाशी झिरपलेलं पाणी उपसायचं, आणि पोटात मीठ असेल तर दुप्पट लक्ष ठेवायचं, कारण ओल लागलं की मीठ विरघळतं, म्हणजे मालाचं वजन घटतं. हंगाम संपताना गलबतं काठावर ओढून झावळ्यांनी शाकारायची. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद.

या चारही गरजा मी कागदातून आणल्या नाहीत. चिखल, भरती, लाकूड आणि माणसाचं शरीर यांच्यातून आणल्या. याला अंदाज म्हणा, पण तपासता येण्याजोगा अंदाज आहे. जुन्या खलाशाच्या घरी जाऊन "ओहोटीला जेवण कसं करायचात?" असं विचारता येतं. "तुमचं जीवन कसं होतं?" असं मोघम विचारलं तर मोघम उत्तर मिळतं. भरतीचं गणित आधी केलेलं असलं की प्रश्नच नेमका होतो.

एक सावधगिरी

चंद्र तोच आहे, पण खाडी तीच नाही. कुंडलिकेचं उदाहरण घ्या. 1927 मध्ये भिरा इथलं टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली येऊन वीज करून कुंडलिकेत पडू लागलं. कोलाडला सकाळी राफ्टिंग चालतं ते याच सोडलेल्या पाण्यावर. म्हणजे उन्हाळ्यातली आजची कुंडलिका बघून 1883 च्या रोह्याबद्दल बोलता येणार नाही. धरमतरच्या खाडीत आज डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी कोळसा आणि खनिज घेऊन बार्ज येतात. खारबंदिस्ती, गाळ, पूल, जेट्टी यांनी खाडीची खोली आणि रुंदी बदलली आहे. म्हणून भरतीची वेळ काढताना निर्धास्त राहा, पण खोलीबद्दल बोलायचं तर त्या काळचा नकाशा किंवा नोंद हातात हवी.

एवढं सगळं कशासाठी?

ऑस्ट्रेलियन लेखक अॅलन व्हिलियर्स 1938-39 मध्ये कुवेतच्या एका शिडाच्या जहाजावर राहिला. पूर्व आफ्रिकेतल्या रुफिजी नदीच्या मुखाशी खारफुटीची लाकडं भरायला ते जहाज थांबलं, तिथला चिखल, डास, ताप हे सगळं त्याने लिहून ठेवलं. लिहू शकला, कारण तो स्वतः जहाजावर होता. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते: त्या खलाशांना ठरलेला पगार नव्हता, सफरीच्या कमाईत वाटा होता. म्हणजे जहाज जितके जास्त दिवस थांबलं, तितकी दिवसाची कमाई घटली. थांबण्याचा खर्च खलाशाच्या खिशातून गेला.

आता हाच प्रश्न पेण आणि रोह्याला विचारा. मिठाच्या खेपेचं भाडं मणावर ठरत होतं की दिवसावर? खलाशाला खेपेवर पैसे की महिन्यावर? गलबत सात दिवस उधाणाची वाट बघत उभं राहिलं तर ते सात दिवस कुणाच्या खात्यावर पडले: मालकाच्या, व्यापाऱ्याच्या, की नांगराचा दोर बघायला रात्री उठणाऱ्या माणसाच्या? मुंबईत मीठ स्वस्त मिळत होतं, त्या स्वस्ताईत या न मोजलेल्या दिवसांचा वाटा किती?

यातला कुठलाही एक प्रश्न सिनॉप्सिसला पुरेसा आहे. सुरुवात करायची तर तीन कामं करा. एक, तुमच्या गावच्या बंदरासाठी एका महिन्याच्या तिथ्या लिहून पाऊणपट काढा आणि छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून बघा. दोन, गॅझेटियरमध्ये त्या बंदराची नोंद वाचताना जिथे जिथे 'भरतीला' किंवा 'उधाणाला' असा अर्थ येतो तिथे खूण करा, कारण प्रत्येक खुणेमागे काही तासांचं थांबणं लपलेलं आहे. तीन, घरात जुनी खतावणी असेल, कुळातलं कुणी मचव्यावर गेलेलं असेल, तर आधी त्यांच्याकडे जा. पुराभिलेखागार पुढच्या वर्षीही उघडं असेल. शिडाच्या गलबतावर काम केलेली माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत.

तुमच्या गावच्या खाडीचा हिशेब केलात की कॉमेंटमध्ये नक्की टाका. कुठल्या तिथीला किती वाजता भरती आली, आणि पाढ्यापेक्षा किती मिनिटं चुकली, एवढं लिहिलं तरी चालेल.